डोळे चोळू नका : पेपर स्प्रे लागल्यानंतरचा पहिला तास

पेपर स्प्रे तोंडावर बसला की माणूस दोन गोष्टी कुणी न सांगता करतो. डोळे गच्च मिटतो आणि दोन्ही हात चेहऱ्याकडे नेतो. डोळे मिटणं शरीराच्या हातात आहे, त्याला इलाज नाही. हात मात्र आवरता येतात, आणि पुढचा तास कसा जाणार हे बरंचसं त्यावरच ठरतं. चोळलं की तेलकट द्रव पापण्यांच्या कडेवरून आत सरकतो, कपाळावरचा गालावर उतरतो, बोटांना चिकटतो, आणि मग ती बोटं जिथे जिथे जातील तिथे आग पोचते.

तुम्ही स्वतः किंवा शेजारचं कुणी आत्ता या अवस्थेत असेल तर बाकीचं नंतर वाचा. आधी तिथून मोकळ्या हवेत या आणि वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा. चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर हात साबणाने धुऊन ती काढा. डोळ्यांवर साध्या स्वच्छ पाण्याची धार किमान पंधरा मिनिटं सोडा. धाप लागून बोलता येत नसेल, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर धुणं चालू ठेवूनच आपत्कालीन वैद्यकीय मदत बोलवा.

अंगावर नेमकं काय आलं

मराठीत याला बरेचदा ‘मिरपुडीचा फवारा’ म्हटलं जातं, पण यात मिरी नसते. नावातला ‘पेपर’ मिरचीचा आहे. मिरचीतून काढलेला लालसर तपकिरी, चिकट, तेलकट अर्क म्हणजे ऑलिओरेझिन कॅप्सिकम. तो एखाद्या द्रवात मिसळून दाबाखाली डबीत भरतात. त्यातला खरा झोंबणारा पदार्थ कॅप्सेसिन आणि त्याची सख्खी भावंडं.

मिरचीचा तिखटपणा मोजायची पद्धत विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ साली काढली. त्या मापावर हालपेन्यो मिरची अडीच ते आठ हजार भरते आणि शुद्ध कॅप्सेसिन १ कोटी ६० लाखांच्या आसपास. स्प्रेच्या डब्यांवर २० लाख, ५० लाख असे आकडे छापलेले असतात. त्यांनी फार दबून जाऊ नका. बरेचदा तो आकडा अर्क पातळ करण्याआधीचा असतो, नळीतून बाहेर येणाऱ्या द्रवाचा नसतो. बाहेर येणाऱ्या द्रवात कॅप्सेसिन आणि त्याच्या भावंडांचं प्रमाण साधारण ०.२ ते १.३ टक्के असतं. माणसाला जमिनीवर बसवायला तेवढं पुरतं.

एवढंसं का पुरतं, याचं उत्तर मज्जातंतूंच्या टोकांवर आहे. तिथे टीआरपीव्ही-१ नावाचं एक दार असतं. तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते उघडतं आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप जातो. कॅप्सेसिन तेच दार उष्णता नसतानाही उघडतं. हा शोध डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये लावला, आणि २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात आर्डेम पातापुटियन यांच्यासोबत त्यांचा वाटा होता. म्हणजे कातडी भाजलेली नसते, भाजल्याची खोटी वर्दी गेलेली असते. पण वर्दी खोटी असली तरी शरीर खरीखुरी धावपळ करतं. मज्जातंतूंची टोकंच काही रसायनं सोडतात, त्यांनी रक्तवाहिन्या फुगतात, त्वचा लाल होते, पापण्या सुजतात, डोळ्यांतून आणि नाकातून पाण्याच्या धारा लागतात.

उपचाराचे दोन नियम थेट इथूनच निघतात. दार उष्णतेने उघडतं, म्हणून गरम पाणी वेदना वाढवतं आणि गार पाण्याने उतार पडतो. आम्लानेही तेच दार उघडतं, म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर लावणं म्हणजे आगीत तेल ओतणं. तिसरा नियम कॅप्सेसिनच्या स्वभावातून येतो. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात, मद्यार्कात आणि साबणाच्या फेसात मात्र सुटतं. त्वचेवर नुसतं पाणी ओतलं की ते वाहून जाण्याऐवजी पसरतं, आणि एक तांब्या पाण्यानंतर माणूस आधीपेक्षा जास्त ओरडू लागतो. पाणी चुकीचं नसतं, पाणी थोडं असतं.

किती वेळ चालतं

डोळे काही सेकंदांत मिटतात आणि बहुतेकांना पंधरा ते तीस मिनिटं नीट उघडता येत नाहीत. दृष्टी गेलेली नसते, पापण्यांना आकडी आलेली असते. हे त्या माणसाला मोठ्याने, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. खोकला, घशात आवळल्यासारखं वाटणं, श्वास अपुरा पडणं हे साधारण तीन ते पंधरा मिनिटांत उतरू लागतं. त्वचेची आग पाऊण ते एक तास राहते. लाली आणि पापण्यांची सूज काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत दिसते.

या सगळ्यात एक गोष्ट लपून राहते. आगीचा पहिला जोर ओसरला की डोळ्याच्या पारदर्शक पडद्याची संवेदना काही काळ बोथट होते आणि पापणी नेहमीसारखी लवत नाही. त्या वेळात चोळलं तर ओरखडा पडला तरी कळत नाही, दुसऱ्या दिवशी खुपायला लागल्यावर कळतं.

मदत करणाऱ्याने आधी स्वतःला जपावं

हातमोजे असतील तर घाला, नायट्राइलचे उत्तम. नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातावर चढवा. त्या माणसाला मिठी मारू नका, त्याचा चेहरा आपल्या खांद्यावर घेऊ नका. कोपराला धरून चालवत न्या आणि पुढे काय आहे ते बोलत राहा: ‘दोन पायऱ्या आहेत, आता डावीकडे, इथे बस.’ डोळे बंद असलेल्या माणसाला सर्वांत जास्त भीती पडण्याची आणि पुन्हा कुणी अंगावर येण्याची असते. एकाने बोलावं, बाकीच्यांनी गप्प राहावं. चार जण चार उपाय ओरडत असतील तर तो पुन्हा हातच चेहऱ्याकडे नेतो.

श्वास

क्रमाने पाहिलं तर डोळ्यांपेक्षा श्वास आधी. बसवा, किंचित पुढे झुकवा, नाक शिंकरू द्या, थुंकू द्या. थुंकी गिळायला सांगू नका. गार पाण्याने चूळ भरून ती थुंकावी. श्वास नाकाने हळू आत, तोंडाने लांब बाहेर. घाबरून भराभर श्वास घेतला की बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, आणि माणसाला वाटतं आपण आता गेलो. वारा घालायला कागद किंवा पुठ्ठा चालेल, चेहऱ्याची आगही त्याने कमी वाटते.

दमा असलेल्यांसाठी हिशोब वेगळा आहे. फवाऱ्याने श्वासनळ्या आक्रसतात आणि झटका येऊ शकतो. जवळचा नेहमीचा पंप डॉक्टरांनी सांगितलेल्या पद्धतीने लगेच वापरावा, आणि आराम पडत नसेल तर वाट पाहू नये. हृदयविकार असलेले, गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि वयस्कर माणसं यांच्या बाबतीतही जराशी शंका आली तरी दवाखाना गाठा.

आणि एक सूचना, जी फारशी कुठे लिहिलेली नसते. स्प्रे लागलेल्या माणसाला पालथं पाडून, पाठीवर भार देऊन धरून ठेवू नका, मग तो हल्लेखोर का असेना. आधीच श्वास लागलेल्या माणसाची छाती दाबली गेली तर तो गुदमरून मरू शकतो. बसवा किंवा कुशीवर वळवा.

डोळे

इथे घाई करून उपयोग नाही. पाणी स्वच्छ हवं, गार किंवा साधारण, आणि भरपूर हवं. नळ, बाटली, शॉवरची हलकी धार, सलाईनची बाटली, जे हाताशी असेल ते. सलाईन डोळ्यांना कमी झोंबतं, पण ते शोधायला दहा मिनिटं घालवण्यापेक्षा नळाखाली लगेच जाणं केव्हाही चांगलं.

आधी चेहरा आणि पापण्यांवरचा द्रव स्वच्छ कापडाने किंवा कागदी रुमालाने टिपून घ्या. पुसायचं नाही, टिपायचं, आणि दर वेळी कोरी बाजू. मग डोकं असं कलतं करा की धुवायचा डोळा खालच्या बाजूला येईल. पाणी नाकाच्या बाजूने सोडा, कानाच्या बाजूने वाहू द्या. नाहीतर एका डोळ्यातलं दुसऱ्यात जातं. एका मिनिटाने बाजू बदला, पुन्हा पहिला डोळा, असं आळीपाळीने.

पापण्या उघडत नसतील तर जोर लावू नका. धारेखाली उघडझाप करायला सांगा. सुरुवातीला पापणी केसभरच हलेल, पण तेवढ्या फटीतून पाणी जातं. दहाबारा वेळा झाल्यावर फट मोठी होते. अगदीच गरज पडली तर एक बोट भुवईच्या हाडावर आणि दुसरं गालाच्या हाडावर टेकवून कातडी हलकेच ताणा. बुबुळावर दाब येता कामा नये.

लेन्सबद्दल वर सांगितलं, पण कारण सांगायचं राहिलं. मऊ लेन्स तो द्रव शोषते आणि डोळ्याला चिकटून ठेवते. ती काढल्याशिवाय धुणं अर्धवट, आणि काढलेली पुन्हा घालायची नाही, कितीही महाग असली तरी. धुऊनही ती पूर्ण स्वच्छ होत नाही. ती न लागलेल्या हातांनी काढायला हवी, म्हणून शक्य असेल तर हातमोजे घातलेल्या दुसऱ्याने.

त्वचा आणि केस

इथे साबण लागतो. भांडी घासायचं लिक्विड किंवा साधा शाम्पू तेल सोडवण्यात अंगाच्या साबणापेक्षा बरा, पण जे मिळेल ते चालेल. हातावर फेस करा, डोळे मिटलेले ठेवून चेहऱ्यावर लावा, घासू नका, लगेच धुवा. हे तीनचार वेळा करा. फेस डोळ्यांत जाऊ देऊ नका. त्यानंतर डोळे पुन्हा एकदा पाण्याने धुवा, कारण थोडं तरी ओघळतंच.

केस धुताना शॉवरखाली सरळ उभं राहणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. केसांतला अर्क मान, छाती, पोट करत खाली उतरतो, आणि शरीरावर नाजूक कातडी कुठे कुठे आहे याची नको तितकी ओळख करून देतो. कमरेतून पुढे वाकून, पाणी डोक्यावरून थेट जमिनीवर पडेल असं धुवा. ते झाल्यावरच अंघोळ, तीही गार पाण्याने.

क्रीम, मलम, पेट्रोलियम जेली, खोबरेल असं काही चेहऱ्यावर थापू नका. तेलात कॅप्सेसिन सुटतं हे खरं, आणि मिरच्या चिरलेले हात आधी तेलाने पुसून मग साबणाने धुतले तर आग लवकर जाते. पण ते हात. चेहऱ्यावर तेल लावलं तर ते डोळ्यांकडे ओघळतं आणि पूर्ण निघत नाही. बर्फ थेट लावू नका. कापडात गुंडाळलेला गार शेक दहा दहा मिनिटं ठेवला तर बराच आराम पडतो.

दूध, अँटासिड वगैरे

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. तिखट खाल्ल्यावर दूध प्यायलं की जिभेला बरं वाटतं, त्यावरून ही कल्पना डोळ्यांपर्यंत पोचली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४९ प्रौढ स्वयंसेवकांना स्प्रे लावून पाच गट केले: पाणी, दूध, लहान मुलांचा शाम्पू, अँटासिडचं द्रावण आणि बधिर करणारं लिडोकेन जेल. वेदना कमी होण्यात पाचांत लक्षणीय फरक दिसला नाही. सर्वांत जास्त काम केलं ते घड्याळाने.

मग दूध का नको? कारण ते निर्जंतुक नसतं, आणि डोळ्यावर ओरखडा पडलेला असेल तर त्यात जंतुसंसर्गाची जोखीम वाढते. शिवाय ते केसांत वाळतं, कपड्यांना वास मारतं, आणि शेवटी धुवायला पाणीच लागतं. गालावर गार दुधाचं फडकं ठेवून कुणाला बरं वाटत असेल तर मी वाद घालणार नाही. डोळ्यांत मात्र पाणी किंवा सलाईन, तिसरं काही नाही. टूथपेस्ट, कांदा, लिंबू, बेकिंग सोडा, घरात पडून असलेले डोळ्यांचे थेंब, सगळं लांब ठेवा.

कपडे

डोक्यावरून काढायचा टी-शर्ट असेल तर तो कात्रीने समोरून कापा. तसाच ओढून काढला तर छातीवरचा सगळा अर्क पुन्हा एकदा तोंडावरून फिरतो. कपडे पिशवीत घालून तोंड बांधा. नंतर हातमोजे घालून, बाकीच्या कपड्यांपासून वेगळे, गार पाण्यात आणि भरपूर साबणात दोनदा धुवा. घड्याळाचा पट्टा, पाकीट, बूट अशा चामड्याच्या वस्तूंत तो मुरतो. त्या वस्तू काही दिवस मोकळ्या हवेत ठेवाव्या लागतात.

अश्रुधूर असेल तर

अश्रुधूर आणि पेपर स्प्रे एकच समजले जातात. अश्रुधुरात सर्रास वापरलं जाणारं सीएस हे १९२८ मध्ये कॉर्सन आणि स्टॉटन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी तयार केलेलं रसायन आहे, नावही त्यांच्याच आद्याक्षरांवरून. त्याचे बारीक कण हवेत तरंगतात, म्हणून त्यात मोकळ्या हवेचा आणि कपडे झटकण्याचा जास्त उपयोग. पेपर स्प्रेचं तेल झटकून जात नाही. काही डब्यांत दोन्ही मिसळलेले असतात. काय लागलंय कळत नसेल तर मोकळी हवा, कपडे बदलणं, भरपूर पाणी आणि साबण हा क्रम दोन्हींना चालतो.

डॉक्टरांकडे कधी

नीट धुऊन तास उलटला तरी डोळ्यांत ठणका असेल, धूसर दिसत असेल, उजेड सहन होत नसेल, वाळूचा कण अडकल्यासारखं सारखं खुपत असेल, तर नेत्रतज्ज्ञ. ते नारिंगी रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात पाहतात. ओरखडा असेल तिथे हिरवं चमकतं. तपासताना घातलेल्या बधिर करणाऱ्या थेंबाने स्वर्ग गवसल्यासारखं वाटतं, आणि लोक तीच बाटली घरी मागतात. ती देत नाहीत ते बरोबर आहे. वारंवार वापरली तर डोळ्याचा तो पारदर्शक पडदा भरून येणं थांबतं आणि नुकसान कायमचं होऊ शकतं.

फवारा एक मीटरपेक्षा जवळून, सरळ धारेने डोळ्यात बसला असेल तर वेदना थांबली तरी तपासणी करा. तिथे प्रश्न तिखटाचा नसतो. दाबाने सुटलेली धार डोळ्याच्या ऊतींमध्ये शिरून इजा करू शकते. कातडीला फोड येणं, चेहरा किंवा घसा सुजत जाणं, छातीत दुखणं, गुंगी येणं, धाप न उतरणं, ही लक्षणं घरी पाहत बसायची नाहीत. शक्य असेल तर डबी किंवा तिचा फोटो सोबत न्या. त्यात आणखी काय मिसळलंय हे डॉक्टरांना कळतं.

खोली, आणि माझी एक फजिती

बंद खोलीत फवारा उडाला तर आधी सगळे बाहेर, मग खिडक्या-दारं उघडी. आतलीच हवा फिरवणारा एसी बंद ठेवा. छताचा पंखा सुरुवातीला लावू नका, बसलेलं पुन्हा उडतं. अर्ध्याएक तासाने हातमोजे आणि मास्क घालून गुळगुळीत पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने पुसा, फडकी फेकून द्या. झाडू आणि कोरडं फडकं वापरलंत तर पुन्हा खोकत बाहेर याल.

डबी तापलेल्या गाडीत ठेवू नका. पन्नास अंशांच्या आसपास दाब वाढून ती गळू किंवा फुटू शकते, आणि काही डब्यांतला द्रव मद्यार्काचा असल्याने पेटतोही. मुदत संपलेली डबी ‘चालते का बघू’ म्हणून मी एकदा गच्चीवर दाबली होती. चालत होती. वारा समोरून होता. अर्ध्या तासात डोळे उघडले, तासाभरात चहा प्यायलो, आणि संपलं असं समजून रात्री मस्त गरम पाण्याने अंघोळीला गेलो. कानामागे आणि मानेवर राहिलेला अर्क उष्णतेने पुन्हा जागा झाला आणि दुसरी फेरी पहिलीपेक्षा फार मागे नव्हती. त्यामुळे पुढचा एक दिवस तरी गरम पाणी नको, घाम येईल असा व्यायाम नको, आणि झोपण्याआधी उशीचा अभ्रा बदला.

सकाळी सगळं ठीक वाटलं तरी चष्म्याच्या दांड्या, मोबाइलची पाठ, किल्ल्या, दाराची कडी आणि नळाची तोटी साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. काल धुवायला धावताना त्याच हातांनी सगळ्यांना स्पर्श झालेला असतो, आणि आज तीच कडी लावून घरातलं एखादं लहान मूल डोळे चोळतं.